उपलब्ध शिल्लक

३१ मे २०२३. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या कंपनीच्या फाटकातून मी शेवटची बाहेर पडले तेव्हा पर्समध्ये मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. शेवटचा पगार जमा झाला होता आणि खाली लिहिलं होतं, उपलब्ध शिल्लक २१,४०० रुपये. तो आकडा बघून जरा धीर आला हे मला स्पष्ट आठवतं. महिना निघेल, तोवर काहीतरी बघू, असं मनाशी म्हणत मी एसटीत बसले.

त्या २१,४०० रुपयांतला एक रुपयाही माझा नव्हता.

मासळीवर प्रक्रिया करून ती बाहेरदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत मी सात वर्षं स्टोअर आणि हिशेब सांभाळत होते. माल कमी झाला, आमच्यातल्या नऊ जणांना थांबवलं. पगारखात्यावर मला बँकेने एक लाखाची ओव्हरड्राफ्टची सोय दिली होती, बोलताना सगळे ओडी म्हणतात ती. खात्यात स्वतःचे पैसे नसले तरी त्या लिमिटपर्यंत उसने काढता यायचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पडवीवरचे पत्रे उडाले आणि माजघराची कौलं फुटली, तेव्हा मी त्यातून पहिल्यांदा ३५,००० काढले. पावसाच्या तोंडावर घर शाकारायचं होतं, त्यामुळे त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्यानंतरचं मात्र वाटतं. सासऱ्यांचं आजारपण, फ्रिज, मुलीची दहावी, आणि मग काही कारण नसतानाही. दर महिन्याला पगार आला की खड्डा थोडा भरायचा आणि वीस तारखेपर्यंत पुन्हा होता तेवढा व्हायचा. मेसेजमध्ये ‘शिल्लक’ शब्द असायचा म्हणून मी ती शिल्लक समजत राहिले. कंपनीत गोणीगोणीचा हिशेब जुळवणारी मी, घरी दोन वर्षं उसन्या पैशाला शिल्लक म्हणत होते.

पगार जमा झाल्यावरही त्या दिवशी माझ्या डोक्यावर ७८,६०० रुपये होते.

आणि दुसऱ्या दिवसापासून बंदी. १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायचं नाही, हे आमच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या प्रत्येक घराला पाठ असतं. आमचे हे मिरकरवाड्यात ट्रॉलरवर खलाशी आहेत. बोट बंदराला लागली की कमाईतला वाटा बंद. मालकाकडून पुढच्या हंगामाची उचल मिळते, ती ह्यांनी मेमध्येच घेतली होती आणि तिचे तांदूळ, डाळ, मीठ-मिरची भरून झाली होती. दर वर्षी हे दोन महिने माझ्या पगारावर निघायचे. या वर्षी दोन्ही चुली एकाच वेळी विझल्या.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी घरात कोणाला काही बोलले नाही. म्हणजे नोकरी गेल्याचं सांगितलं, ओडीचं नाही. शाळा १५ तारखेला सुरू होणार होती. मुलाच्या वह्या, छत्र्या, मुलीचा अकरावीचा प्रवेश, फ्रिजचा १,८५० चा हप्ता. आणखी ७,८०० काढले. आकडा ८६,४०० वर गेला. रात्री झोप लागायची नाही. पाऊसही त्या वर्षी उशिरा आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथेच अडून बसला. उकाड्यात ओटीवर बसून मी मोबाइलच्या उजेडात तेच तेच आकडे बघत असायची.

सासूबाईंनी मला तिथे पकडलं. “गो, आठ दिस बघतंय, तू रातची झोपत नाय. काय ता सांग.”

सांगितलं. हेही उठून बाहेर आले. मला वाटलं होतं आवाज चढेल. ह्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे तुझीपण उचलच ना?”

तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. खरंच उचलच होती. फरक एवढाच की ह्यांची उचल किती, कोणाकडून, कधी फिटणार हे घरातल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक असतं. मालकाच्या वहीत असतं, आमच्या तोंडात असतं. माझी उचल मोबाइलमध्ये पासवर्डच्या आत होती.

दुसऱ्या दिवशी मुलाची एक कोरी वही घेतली आणि सगळं लिहून काढलं. ओडीवर वर्षाला १४ टक्के व्याज. ते रोजच्या थकीत रकमेवर मोजतात आणि महिन्याच्या शेवटी थकबाकीत मिळवतात. ८६,४०० वर दिवसाला ३३ रुपये होत होते. आमच्याकडे रोज येणाऱ्या अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा जास्त. महिन्याला हजाराच्या आसपास. आकड्यांचा जो घोळ मनात होता, तो कागदावर आल्यावर निदान मोजता येण्याजोगा झाला.

मग पहिलं काम केलं ते खाती वेगळी करायचं. हे मला बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी सांगितलं आणि कोणाचीही नोकरी गेली की मी आता हेच आधी सांगते. ओडीच्या खात्यात जे काही जमा होतं ते सरळ कर्जात जातं. पगार यायचा थांबला की बँक लिमिट कमी करू शकते किंवा बंद करू शकते. मग घरखर्चासाठी म्हणून तिथे ठेवलेले पैसे परत निघत नाहीत. मी पोस्टात ५०० रुपये भरून बचत खातं उघडलं आणि त्यानंतर घरात येणारा प्रत्येक रुपया तिथे ठेवला. ओडीच्या खात्यात ठरवून जेवढे भरायचे तेवढेच.

त्याच खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसेही बघितले. मोबाइलवरची एक-दोन वर्गणी होती, ती बंद केली. प्रधानमंत्री विम्याचे ४३६ आणि २० रुपये मेअखेरीला कापले गेले होते. त्या दोन योजना मी चालू ठेवल्या. समुद्रावर जाणारा माणूस घरात असताना माझ्या नावावरचा तो विमा तरी मी कधी बंद करणार नाही. फ्रिजचा हप्ता मात्र जुलैमध्ये बाऊन्स झाला. लिमिट शिल्लक असल्यामुळे हप्ता जाईलच असं मी धरून चालले होते. झालं होतं असं, की बँकेने न सांगता लिमिट तोवर खाली आणलं होतं. बँकेने ५९० रुपये लावले, फायनान्स कंपनीने वेगळे लावले. १,८५० च्या हप्त्यापायी अकराशे रुपये दंड. मी त्या दिवशी रडले. पुढच्या महिन्यात हप्त्याच्या तारखेआधी आठ दिवस फायनान्स कंपनीला फोन केला, तारीख पुढे ढकलून घेतली आणि पैसे तयार ठेवले. तो दंड परत कधी बसला नाही.

लिमिट खाली आलं म्हणजे आता बँकेत जायलाच हवं होतं. पंधरा दिवस मी ते टाळत होते. बँकेच्या दारावरून बाजारात जायची तर रस्ता बदलायची.

जाण्यापूर्वी काकांनी मला एक नियम नीट समजावला, तो इथे सविस्तर लिहिते, कारण त्यावरच माझं सगळं तरलं. ओव्हरड्राफ्टच्या खात्याला हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं की ते थकत नाही. तसं नसतं. सलग ९० दिवस थकबाकी लिमिटच्या वर राहिली, किंवा ९० दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जे जमा झालं ते त्या काळात लागलेल्या व्याजालाही पुरलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते खातं थकीत धरलं जातं, एनपीए होतं. मग कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलकडे ते जातं आणि पुढे कुठलीही बँक सहजी दारात उभं करत नाही. म्हणजे मुद्दल जमत नसेल तरी महिन्याचं व्याज भरत राहणं याला फार महत्त्व आहे. आणि लिमिट बँकेनेच खाली आणलं असेल तर थकबाकी आपोआप लिमिटच्या वर जाते आणि ९० दिवस मोजायला सुरुवात होते. माझं नेमकं तेच झालं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, मी लेखी अर्ज घेऊन गेले. दोन प्रती. अर्जात तीनच गोष्टी होत्या. नोकरी कधी गेली ते, सोबत कंपनीचं पत्र. दर महिन्याला १,०५० रुपये, म्हणजे व्याजाहून थोडे जास्त, भरत राहीन हे. आणि पीएफ हातात आला की काही रक्कम एकदम भरून उरलेल्याचं हप्त्याच्या कर्जात रूपांतर करून द्यावं ही विनंती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

मॅनेजर साहेब तरुण होते, बाहेरगावचे. अर्ज वाचून म्हणाले, “ताई, लोक आमच्याकडे खातं थकल्यावर येतात. तुम्ही आधी आलात.” वर विचारून सांगतो म्हणाले. तीन आठवडे काहीच कळलं नाही, पण मी १,०५० भरत राहिले आणि प्रत्येक पावती वहीत चिकटवली.

या तीन आठवड्यांत बँकेच्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. एकदा रात्री साडेआठला फोन आला, पलीकडचा माणूस सासूबाईंशी उद्धटपणे बोलला. ऑगस्ट २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि नातेवाइकांना तर धमकवायचं नाहीच. मी फोन घेऊन तेवढंच सांगितलं, अर्जाच्या पोचेची तारीख सांगितली आणि शाखेला त्या फोनची वेळ लिहून मेल केला. त्यांनी ऐकलं नसतं तर तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची तयारी होती. तिथे पैसे लागत नाहीत, तक्रार मोबाइलवरूनही करता येते. ती वेळ आली नाही. फोन थांबले.

घरातली बिलं. विजेचं आधी. महावितरणची दोन महिन्यांची बिलं मिळून १,९०० च्या वर थकले होते. वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हा कायदा आहे, २००३ चा. नोटिशीची वाट न बघता उपविभागाच्या कार्यालयात गेले आणि दोन हप्ते करून मागितले. मिळाले. घरात युनिट शंभरच्या आत ठेवायचं ठरवलं, कारण शंभराच्या वरच्या युनिटला तेव्हा जवळजवळ दुप्पट दर बसायचा. पावसाळ्यात फ्रिज बंद ठेवला. ज्या फ्रिजसाठी हप्ते भरत होते तोच बंद, पण त्यात ठेवायला होतं काय? आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर, झावळ्या आणि नारळाची सोडणं जाळून. गॅसचा सिलिंडर तेव्हा अकराशेच्या वर होता, त्यावर फक्त सकाळचा चहा आणि डबे. असा तो अडीच महिने पुरवला. ऑगस्टच्या शेवटी दर २०० रुपयांनी उतरला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मुलीचा एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत होता, आणि मलाही मार्चपासून अर्धंच तिकीट पडायचं, त्यामुळे बँक, पोस्ट, वीज कार्यालय अशा खेपा मला परवडल्या. घरपट्टी ग्रामपंचायतीत सांगून मार्चपर्यंत पुढे ढकलली. वाण्याला सासूबाईंनी स्वतः जाऊन सांगितलं की नारळी पौर्णिमेपर्यंत उधारी चढेल. त्याने वहीत नवं पान काढलं. इथे प्रत्येक खलाशाच्या घराचं असं पान असतं.

जेवणाचं दुःख मला झालं नाही, हे खरं सांगते. मेमध्ये वाळवलेली सुकट, बोंबील आणि थोडे सोडे डब्यात होते. कुळीथ होता, आमसुलं होती, फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवलेल्या होत्या. पाऊस लागला तशी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. त्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेले होते आणि शहरातल्या बहिणीचे फोनवर उसासे चालायचे. आमच्या आमटीत आमसूलच पडतं. दुखायचं ते वेगळंच. मुलगा एकदा शाळेतून आला आणि म्हणाला, सहलीचं पत्रक मी बाईंना परत दिलं. मला न विचारता.

सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या होत्या. पतसंस्थेत सोनेतारण ठेवून ओडी फेडावी, सोन्यावर व्याज कमी, असं नणंदही म्हणत होती. हिशेबाने ते चूक नव्हतं. पण सोडवायला महिन्याचं उत्पन्न लागतं आणि ते कधी सुरू होणार हे मला ठाऊक नव्हतं. मुदत उलटली तर लिलाव. ओडी गेली तर माझं नाव जाईल, पाटल्या गेल्या तर त्यांच्या आईची आठवण जाईल. मी त्या परत त्यांच्या पेटीत ठेवल्या. झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपचे मेसेजही रोज यायचे. ते न वाचता पुसायचे, असं मुलीने आणि मी ठरवलंच होतं.

पीएफने दमवलं. कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे अर्ज पुढे सरकेना. तीन वेळा गेले, उद्या करतो म्हणाले. मग कळलं की शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख आपली आपण पोर्टलवर भरता येते, आधारच्या ओटीपीवर. ऑगस्टमध्ये मुलीने आणि मी नेटवाल्या दुकानात बसून ती भरली आणि पीएफ काढायचा अर्ज केला. पेन्शनच्या भागाला हात लावला नाही, पुढे नोकरी लागली तर वर्षं जोडली जातात. सात वर्षं झाली होती म्हणून करही कापला गेला नाही, पाच वर्षांच्या आत असतं तर कापला असता. ऑगस्टअखेर ९४,३०० रुपये पोस्टाच्या खात्यात आले.

नणंद म्हणाली, सगळे भरून मोकळी हो. त्या रात्री आम्ही तिघं पुन्हा ओटीवर बसलो. सगळे भरले असते तर कर्ज संपलं असतं आणि हातात आठ हजार उरले असते, समोर गणपती, आणि नोकरी नाही. पुन्हा उसने घ्यावे लागले असते, तेही बँकेपेक्षा महागात. मी ३६,४०० भरले. बरोबर ५०,००० उरवले. बँकेने त्याचं चोवीस महिन्यांचं कर्ज करून दिलं, हप्ता २,४०१ रुपये, ऑक्टोबरपासून. ओडीची सोय कायमची बंद करायचा अर्ज मी त्याच दिवशी दिला. साहेब म्हणाले, ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मी नको म्हटलं.

उरलेल्या पैशातून वाणी, वीज आणि फ्रिज मोकळे केले. बाकीचे पोस्टात राहिले आणि त्यावर आम्ही दिवाळीपर्यंत आलो. १ ऑगस्टला हे बोटीवर गेले होते, पण पहिले वाटे उचलीतच वळते होतात, हे ठरलेलं असतं. १९ सप्टेंबरला गणपती होते. मुंबईहून आलेल्या चार घरांनी माझ्याकडून उकडीचे मोदक करून घेतले, मोठी ऑर्डर होती, पहाटे तीनला उठून सासूबाई सारण हलवायच्या आणि मी पाऱ्या करायची. त्यातून ऑक्टोबरचा पहिला हप्ता निघाला. नंतर मिरकरवाड्यात एका मासळी व्यापाऱ्याकडे अर्ध्या दिवसाचं हिशेबाचं काम मिळालं. पगार पूर्वीच्या निम्मा. अजून तिथेच आहे.

शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. शाखेत आता दुसरे साहेब आहेत. मी ना-देय दाखला मागितला, आठवड्याने शिक्क्यानिशी मिळाला. वर्षातून एकदा फुकट मिळतो तो सिबिलचा अहवाल काढून बघितला. बँकेचं कर्ज बंद, थकबाकी शून्य, त्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. छापून आणला आणि ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी चष्मा लावून तो स्वतः पुन्हा वाचला आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. बोटीवर जायची वेळ झाली होती. जाता जाता म्हणाले, “मालकाकडे या वर्षी उचल थोडी कमीच घेतो.”